छोट्या म्युझिक प्लेयरला घरात कुठले स्पीकर जोडावेत?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. खिशात मावेल एवढा म्युझिक प्लेयर वापरतो. कार्डावर सगळा संग्रह आहे, बराचसा फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेल्या फाइली), थोडी जुनी एमपीथ्री. हेडफोनवर छान वाजतो, पण घरी एकट्याने कानात घालून बसणं आता नको वाटतं. खोलीत गाणं लागलंय आणि येता-जाता सगळ्यांच्या कानावर पडतंय, असं हवंय.

खोली साधारण ४ बाय ३ मीटरची. ऐकणं मुख्यतः ख्याल, ठुमरी, जुनी चित्रपटगीतं, थोडं जॅझ. आवाज मध्यम, बरेचदा त्याहूनही कमी. प्लेयरला ३.५ मिमीचं एकच सॉकेट आहे, ब्लूटूथ आहे. सेटिंगमध्ये 'लाइन आउट' नावाचा एक पर्याय दिसतो, त्याला अजून हात लावलेला नाही.

प्लेयर वर खोचून ठेवायचा डॉक, बॅटरीवरचा ब्लूटूथ स्पीकर, कंप्युटरला लावतात तसले स्पीकर, की रीतसर ॲम्प (आवाज वाढवणारं यंत्र) आणि दोन खोकी? एकदा घेतले की दहा-पंधरा वर्षं परत या भानगडीत पडायला लागू नये, एवढी अट आहे.

तारजोड
तुमची शेवटची अट सगळ्यात मोलाची आहे. निवड तिथूनच सुरू करा. प्लेयर चार-पाच वर्षांत बदलतो. बॅटरी दम तोडते, कार्डाचा खाचा सैल होतो, नवीन काहीतरी येतं. बरा स्पीकर मात्र सहज वीस वर्षं चालतो. म्हणून जास्त जगणाऱ्या वस्तूने कमी जगणाऱ्या वस्तूच्या आकारात स्वतःला अडकवून घेऊ नये. डॉक नेमकं तेच करतो.

आयपॉडचं उदाहरण ताजं आहे. २००३ मध्ये त्याला ३० पिनांचा खाचा आला आणि त्यावर बेतलेले डॉक-स्पीकर घरोघर, हॉटेलांच्या खोल्यांत दिसायला लागले. त्यातले काही खरंच सुरेल वाजायचे. २०१२ मध्ये ॲपलने लायटनिंग आणलं आणि एका झटक्यात त्या सगळ्या खाचांत नवीन प्लेयर बसेनासे झाले. २०२२ मध्ये आयपॉड बनणंच थांबलं. आतले वूफर-ट्विटर (खालचे आणि वरचे सूर वाजवणारे शंकू) ठणठणीत, ॲम्प ठणठणीत, पण वर खोचायला काही नाही.

याउलट ३.५ मिमीचं गोल सॉकेट बघा. १९७९ च्या पहिल्या वॉकमनला ते होतं आणि तुमच्या प्लेयरलाही तेच आहे. तेव्हा स्पीकरला मागे साधं ऑक्स (याच गोल पिनेचं) किंवा लाल-पांढऱ्या आरसीए पिनांचं इनपुट हवंच. बाकी ब्लूटूथ असेल, यूएसबी असेल तर उत्तम, पण ती वरची भर समजा.

ऐकू_आलं
तारजोड यांच्याशी शंभर टक्के सहमत. ज्यांच्याकडे असे जुने डॉक पडून आहेत त्यांनी मागच्या बाजूला एकदा बोट फिरवून बघावं. बहुतेकांना ऑक्सचं सॉकेट असतं, रबरी बुचाखाली दडलेलं. तिथे पिन खोचली की तो परत कामाला लागतो. टाकून देऊ नका.

रेवा
डॉक नको म्हणण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते एकाच खोक्यात असतात. बॅटरीवरचे ब्लूटूथ स्पीकरही तसेच. खोक्यावर 'स्टिरिओ' लिहिलेलं असतं, आत डावं-उजवं वेगळं असतंही, पण दोन्ही तोंडं वीतभर अंतरावर. दोन-अडीच मीटरवर बसलेल्या माणसाला तो एकाच ठिकाणाहून येणारा आवाज आहे.

स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये ध्वनिमुद्रकाने जागा आखलेली असते. गाणारी मध्ये, तबला एका अंगाला, हार्मोनियम दुसऱ्या, तानपुरे मागे पसरलेले. दोन स्पीकर एकमेकांपासून दीड-दोन मीटर लांब ठेवले आणि तुम्ही तेवढ्याच अंतरावर समोर बसलात, म्हणजे समभुज त्रिकोण झाला, की ती जागा खोलीत उभी राहते. डोळे मिटले तर गळा दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या भिंतीतून येतो. तिथे काहीच नसतं, आणि तरी तिथूनच येतो. पहिल्यांदा ऐकणारा उठून मध्ये काही ठेवलंय का ते बघतो, हे मी घरी कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलंय.

म्हणून माझं ठाम मत, साध्यातले का होईना पण दोन वेगळे स्पीकर घ्या. जुनी चित्रपटगीतं मोनोत आहेत, त्यांना याचा तितका उपयोग नाही हे खरं. पण मोनो गाणंसुद्धा दोन चांगल्या स्पीकरांमधून ऐकताना बरोबर मध्यभागी, घट्ट उभं राहतं.

भटकंती_आणि_गाणी
एकाच खोक्याची बाजू कोणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो. मूळ प्रश्नात 'येता-जाता सगळ्यांच्या कानावर पडतंय' असं आहे. समभुज त्रिकोणाच्या टोकावर बसून ऐकणारा एकच माणूस असतो. बाकीचे स्वयंपाकघरात, दारात, गॅलरीत. त्यांना स्टिरिओचा काय फायदा? ब्लूटूथ स्पीकर उचलून कुठेही नेता येतो, प्लेयर खिशात राहतो, तारेत पाय अडकत नाही. आणि ब्लूटूथचा दर्जा पूर्वीसारखा राहिलेला नाही.

रेवा
@भटकंती, मुद्दा रास्त आहे. फिरत्या ऐकण्याला खोकं सोयीचं, ते मी नाकारत नाही. पण दोन स्पीकर खोलीभर आवाज पसरवतातही नीट. एका खोक्यातून खोली भरायची तर त्याचा आवाज वाढवावा लागतो, मग जवळच्याला टोचतो आणि लांबच्याला पोचत नाही. दोन ठिकाणांहून आला तर कमी आवाजातही सगळीकडे पुरतो.

तारजोड
ब्लूटूथच्या दर्जाबद्दल आकडे डोळ्यासमोर ठेवू. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा. ब्लूटूथमधून तो जसाच्या तसा जात नाही, वाटेत दाबून पाठवला जातो. प्रत्येक यंत्राला यायलाच हवा असा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) म्हणजे एसबीसी, तो नेहमीच्या वापरात जास्तीत जास्त ३२८ किलोबिटपर्यंत जातो. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो, पण प्लेयर आणि स्पीकर या दोघांनाही तो यायला हवा. एकाला येत असेल आणि दुसऱ्याला नसेल तर दोघं मुकाट्याने दोघांना येणाऱ्या दुसऱ्या कोडेकवर, बरेचदा एसबीसीवर, उतरतात, आणि हे तुम्हाला कोणी सांगत नाही. खोक्यावर वाचून घ्या.

तरीही हेही खरं की नीट चाललेला एसबीसी आणि तार यांतला फरक छोट्या स्पीकरवर, चार माणसं बोलत असताना, क्वचितच कळतो. फरक कळतो तो स्पीकरचा. कोडेकवर डोकं शिणवण्यापेक्षा चांगला वूफर, चांगला ट्विटर आणि त्यांची जागा यांवर वेळ घालवा.

नवशिका_श्रोता
मी असाच शोध घेतोय. एका खोक्यावर ३००० वॅट पीएमपीओ लिहिलंय, दुसऱ्यावर नुसतं ४० वॅट. वॅट किती हवेत?

पट्टी_काळी_चार
पीएमपीओ हा आकडा वाचूच नका. तो मोजायची ठरलेली पद्धतच नाही, निर्माता क्षणाच्याही अंशात काय निघेल ते धरून, सगळं एकत्र करून लिहितो. आरएमएस किंवा 'सलग' वॅट लिहिले असतील तेवढेच खरे.

आता किती हवेत ते इथेच मांडून बघू. स्पीकरच्या माहितीत 'सेन्सिटिव्हिटी' असते, समजा ८६ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप). म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल मिळतात. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल घटतात, म्हणजे २ मीटरवर ८०. दोन स्पीकर आहेत, साधारण ३ ची भर, झाले ८३. बंद खोलीत भिंतींमुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच भरतील. घरात मन लावून ऐकतो तो आवाज सरासरी ७०-७५ च्या घरात असतो. म्हणजे बहुतेक वेळ तुमचे स्पीकर अर्धा वॅटही खात नसतात.

मग मोठे वॅट कशाला? तबल्याची थाप, मृदंगाचा घाव, पियानोचा ठोका, यांचं टोक सरासरीच्या १५-२० डेसिबल वर जातं. ७५ वर २० म्हणजे ९५. त्या ८३ पेक्षा १२ जास्त, त्याला प्रत्येकी साधारण १६ वॅट लागतात. ॲम्पमध्ये तेवढा दम नसेल तर टोक कापलं जातं आणि थाप चपटी, चिरकी वाटते. हिशेब इतकाच. प्रत्येकी २०-३० खरे वॅट असले की ४ बाय ३ च्या खोलीला रग्गड.

दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला 'जरासा मोठा' वाटतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे ४० आणि ५० वॅट या दोनांमध्ये अडकून पडू नका, त्यात कानाला कळेल असं फारसं काही नाही. दोन स्पीकरांच्या सेन्सिटिव्हिटीत मात्र ३ डेसिबलचा फरक असला तर तो दुप्पट ॲम्पच्या तोडीचा आहे.

नवशिका_श्रोता
हे कुठेच इतकं सोपं करून लिहिलेलं नव्हतं. मनापासून आभार.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे आभार, डॉक बाद केला. आता दोन गोष्टी सांगा. लाइन आउट काय करतं? आणि ॲम्प वेगळा घ्यावा की ॲम्प आत असलेले स्पीकर?

तारजोड
लाइन आउट आधी.

प्लेयरच्या आत हेडफोन चालवायला एक छोटा ॲम्प असतो, आवाजाचं बटण त्याच्यावर चालतं. लाइन आउट केलं की पातळी एका ठरलेल्या जागी कायम होते आणि आवाज पुढच्या ॲम्पवर कमी-जास्त करायचा. काही प्लेयरमध्ये तो हेडफोनचा टप्पा खरंच वगळला जातो, काहींत नुसता आवाज वर नेऊन कुलूप लावतात. दोन्ही प्रकार स्पीकरला चालतात.

लाइन आउट नसलं तरी अडत नाही. हेडफोनच्या सॉकेटमधून थेट जोडा, प्लेयरचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि पुढचा कमी-जास्त स्पीकरच्या बटणावर. बरेच लोक उलटं करतात, प्लेयर अगदी कमी आणि स्पीकर पूर्ण वर. मग गाण्याबरोबर सगळी सरसरही मोठी होते. तानपुऱ्याच्या आधीच्या शांततेत ती लगेच ऐकू येते. आणि पूर्ण १०० वर नेऊन गाणं फाटत असेल तर थोडं खाली या.

एक ताकीद. लाइन आउट चालू असताना त्याच सॉकेटमध्ये चुकूनही इयरफोन घालू नका. पूर्ण पातळी थेट कानात जाईल. घराबाहेर पडताना तो पर्याय बंद करायची सवय लावा, किंवा प्लेयर आठवण करतो का ते बघा.

पट्टी_काळी_चार
ॲम्प वेगळा की आत, यावर माझं मत. तुमच्या खोलीला आणि अटीला ॲम्प आत असलेली, म्हणजे ॲक्टिव्ह जोडी सरळ पडते. एका खोक्यात विजेची तार, दुसऱ्याकडे जाणारी एक तार, मागे ऑक्स, संपलं. वूफर-ट्विटर आणि ॲम्प एकमेकांसाठी जुळवलेले असतात, त्यामुळे जोडी जमेल की नाही याची काळजी नाही.

पॅसिव्ह, म्हणजे ॲम्प वेगळा लागणारे, घेतलेत तर निवड मोठी आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. ॲम्प गेला तर स्पीकर राहतात. ॲक्टिव्हमध्ये आतलं सर्किट गेलं तर दुरुस्त करणारा शोधावा लागतो. दहा-पंधरा वर्षांच्या अटीकडे बघता हा मुद्दा गौण नाही. पॅसिव्हच्या बाजूला जाणार असाल तर ॲम्प किती ओहमच्या (स्पीकर प्रवाहाला किती अडवतो त्याचं माप) स्पीकरला चालतो ते बघा. ४ ओहमचे स्पीकर ८ पेक्षा जास्त प्रवाह ओढतात, छोटा ॲम्प तापतो.

जुनं_तेच_वाजतं
मी पॅसिव्हवाला. जुने, वापरलेले मोठे स्पीकर कोणाकडे पडून असतात, छोटा ॲम्प लावला की नव्यांना सहज भारी पडतात. पण घेण्याआधी पुढची जाळी काढून वूफरची कड बघाच. शंकू आणि चौकट यांच्यामध्ये जी वळी असते ती फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. बोटाने हलकेच स्पर्श करा, चिकट लागली किंवा काळी पूड हाताला आली तर ती गेली. रबराची असेल तर बहुधा शाबूत असते. मग दोन्ही हातांची बोटं शंकूवर समान ठेवून अगदी हळू आत दाबा. गुपचूप आत-बाहेर झाला तर ठीक. खरखर घासल्यासारखा आवाज आला तर आतली कॉइल घासतेय, सोडून द्या. फोमची कड नवी चिकटवून मिळते, घासणाऱ्या कॉइलचा खटाटोप करू नये.

आणि जोडताना लाल तार लालला, काळी काळ्याला, दोन्ही स्पीकरांना सारखीच. एकाला उलटी लागली तर एकाचा शंकू पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज गळून पडतो आणि गाणारा मध्ये उभाच राहत नाही, आवाज डोक्याभोवती कुठेतरी तरंगतो. स्पीकर खराब म्हणून परत करण्याआधी हे तपासा.

भटकंती_आणि_गाणी
माझ्या एका ओळखीच्यांकडे नेमकं हेच झालं होतं. तार उलटवली आणि सगळे गप्प बसून ऐकायला लागले.

रेवा
जागेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण यात काहीही खर्च नाही आणि फरक सगळ्यात मोठा.

ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. टेबलावर खाली ठेवले असतील तर पुढून थोडे उचलून तोंड कानाकडे करा. कपाटाच्या खणात कोंबू नका, खण स्वतःच घुमतो. भिंतीला चिकटवले की खर्ज वाढतो, कोपऱ्यात त्याहून जास्त. छोट्या स्पीकरांना भिंतीजवळ थोडा आधार मिळतो, पण ज्यांच्या मागच्या बाजूला हवेचं भोक असतं त्यांना हातभर तरी मोकळं हवं. जागाच नसेल तर त्या भोकात स्पंजची गुंडाळी सैलसर बसवा, घुमणं आवरतं.

खोलीची लांबी काही विशिष्ट सुरांना फुगवते. ४ मीटरच्या लांबीत ती जागा ४३ हर्ट्झच्या आसपास येते, ३ मीटरच्या रुंदीत ५७ च्या. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे जॅझ ऐकताना एखादाच सूर बाकीच्यांना झाकून टाकतोय असं वाटेल. तो दोष स्पीकरचा नसतो. खुर्ची भिंतीपासून पाऊलभर पुढे घ्या, बरंच निवळतं. पडदे, सतरंजी, पुस्तकांची मांडणी यांनी हा खालचा गोंधळ फारसा कमी होत नाही, पण वरचा झणझणाट कमी होतो आणि शब्द स्वच्छ येतात.

नवशिका_श्रोता
कमी आवाजात ऐकलं की बायाँ (तबल्याचा डग्गा) ऐकूच येत नाही, मोठ्याने लावलं की येतो. वेगळा सबवूफर लावावा का?

पट्टी_काळी_चार
तो कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले होते. आवाज जितका कमी, तितका कान खर्जाला बधिर. म्हणून जुन्या ॲम्पवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं, ते कमी आवाजात खर्ज उचलून द्यायचं. तुमच्या प्लेयरमध्ये इक्वलायझर असेल तर १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबल चढवून बघा. गायनासाठी सबवूफर मला अनाठायी वाटतो. पाच-साडेपाच इंचाचा वूफर बायाँचा घुमारा पुरेसा देतो. तीन इंची वूफरच्या खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. त्यापुढे 'अधिक-उणे इतके डेसिबल' असं नसेल तर तो आकडा काहीच सांगत नाही.

निवडताना मात्र खर्जावर भाळू नका. ओळखीचा एक गळा लावा, ज्याचा श्वास, ज्याचा 'स' तुम्हाला पाठ आहे. 'स' आणि 'श' टोचत असतील तर तासाभरात कान थकतील. मग तानपुरा. जवारीची ती किनार, तारेवर सूर उमलत जातो ते, स्वच्छ येतंय की नुसती गुंजन उरलीय? गळा आणि तानपुरा खरे वाटले तर बाकीचं बहुतेक बरोबरच असतं. आणि दोन स्पीकर तोलताना दोघांचा आवाज सारखा करून ऐका, कारण थोडा मोठा वाजणारा नेहमीच जास्त चांगला वाटतो.

मंद्रसप्तक
एका स्नेह्यांची पाच इंची वूफरची ॲक्टिव्ह जोडी ऐकायला घरी आणलीय. रेवाताई म्हणतात तसं ठेवलं, आणि एक यमन लावला. गळा खरंच मधल्या भिंतीतून आला. षड्ज लागल्यावर घरातले आपापली कामं सोडून येऊन बसले. हे हवं होतं.

फक्त एक अडचण. प्लेयर चार्जिंगला लावला की बारीक 'हं' असा आवाज सुरू होतो. चार्जर काढला की बंद. प्लेयर बिघडलाय का?

तारजोड
बिघडलेला नाही. स्पीकर आणि चार्जर दोन्ही विजेला लागले की प्लेयरमधून जमिनीचं (ग्राउंडच्या तारेचं) एक वेटोळं पुरं होतं आणि त्यातून विजेची गुणगुण आत शिरते, काही चार्जर स्वतःचाही आवाज त्यात टाकतात. आधी दोन्ही एकाच सॉकेटपट्टीवर लावून बघा. तरी राहिली तर प्लेयर पॉवर बँकेवर चार्ज करत ऐका, वेटोळं तुटतं. कायमचा इलाज हवा तर ऑक्सच्या तारेत मध्ये बसणारा 'ग्राउंड लूप आयसोलेटर' मिळतो. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज जातो, तारेची सलग जोडणी तुटते. अगदी हलका घेऊ नका, तो खर्ज खातो.

मंद्रसप्तक
पॉवर बँकेवर लावला, गुणगुण साफ गेली. अशीच जोडी घेतोय, मागे ऑक्स आणि आरसीए दोन्ही असलेली. दुसऱ्या स्पीकरकडे जाणारी तार सोबत आलेली अपुरी पडली तर लांब लावली तर चालेल ना?

जुनं_तेच_वाजतं
त्या जोडीतला दुसरा स्पीकर बहुधा पॅसिव्ह असतो, त्याच्याकडे साधी दोन पदरी स्पीकरची तार जाते. मग चार-पाच मीटरपर्यंत बिनधास्त लांब करा, फक्त तार बारीक नको आणि लाल-काळं सांभाळा. दोन्ही खोक्यांना वेगळी वीज असेल तर मधली तार सिग्नलची असते, ती वरून जाळीचं कवच असलेलीच घ्या.

मंद्रसप्तक
एकालाच वीज आहे. साडेतीन मीटरची जाड तार आणतो.